सासूबाईंना घेऊनच खाली उतर

प्रश्न : बाई, आमचा धनगरवाडा गगनबावडा तालुक्यात डोंगरावर आहे. डांबरी सडकेला यायला पायी दीड तास लागतो, आणि पावसाळ्यात मधला ओढा भरला की तीही वाट बंद. मला सातवा महिना सरत आलाय, दुसरी खेप आहे. तारीख ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातली. हिमोग्लोबिन 8.8 आलंय. माझ्या सासूबाई सुईण आहेत, वाड्यावरची बरीचशी पोरं त्यांच्याच हातची. त्या म्हणतात, घरीच करू. आशाताई म्हणतात, घरी अजिबात नको. पहिल्या वेळी दवाखान्यात मला एकटीलाच आत ठेवलं, सासूबाईंना बाहेर बसवलं, माझ्याशी कुणी धड बोललंही नाही. मला परत तिथं जायची भीती वाटते. बाळंतपणाचं रीतसर शिकलेली एखादी बाई आमच्याकडे का येत नाही?
– एक वाचक, गगनबावडा तालुका

उत्तर : पोरी, घरी नको. हे पहिल्यांदा सांगते, बाकीचं सावकाश.

मूल रडलं की घरात सगळे निर्धास्त होतात. आम्हा नर्सांचं लक्ष मात्र तेव्हा आईकडे असतं. बाळंतपणानंतर गर्भाशय नीट आवळलं नाही, तर रक्त थांबत नाही आणि धडधाकट बाईसुद्धा दोन-तीन तासांत हातची जाते. तुझ्या अंगात तर मुळातच रक्त कमी. दवाखान्यात बाळ जन्मल्यावर मिनिटभरात ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात, त्यानं गर्भाशय आवळतं. ते 2 ते 8 अंशांत, फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. सासूबाई कितीही सराईत असल्या तरी हे त्यांच्या हातात नाही.

रक्त वाढवायला आताच लाग. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टर गरोदर बायकांना तपासतात, 2016 पासून हे चालू आहे. त्या दिवशी जा. लोहाच्या गोळ्या रोज घेतेस का, की मळमळतं म्हणून बंद केल्यास, ते खरं सांग. गोळी चहाबरोबर घेऊ नकोस. आता गोळ्यांनी रक्त भरायला दिवस थोडे उरलेत, म्हणून शिरेतून लोह द्यायचं का, हे तू स्वतःच डॉक्टरांना विचार.

आता उतरायचं कधी? कळा सुरू झाल्यावर नव्हे. दुसऱ्या खेपेला बहुतेक वेळा लवकर मोकळं होतं, आणि बांबूला घोंगडं बांधून केलेल्या झोळीतच बाळंत झालेल्या बायका मी नोकरीत पाहिल्या आहेत. जुलै मध्यावर आला की उतर, पावसानं उघडीप दिली असली तरी. आणि नुसतं सडकेवरच्या गावात येऊन थांबू नकोस. मांडुकलीपाशी कुंभी नदीचं पाणी रस्त्यावर आलं की गगनबावड्याहून कोल्हापूरला गाडी जात नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं! हिमोग्लोबिन एवढं कमी असताना रक्तपेढी असलेला दवाखाना गाठता आला पाहिजे. म्हणून माहेरचं, मावशीचं, कुणाचंही असो, पण मांडुकलीच्या कोल्हापूरकडच्या बाजूचं घर बघ, जिथून कोल्हापूरच्या सीपीआर या मोठ्या सरकारी दवाखान्यात जाता येईल. खर्चाला घाबरू नकोस. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण आणि जायची-यायची गाडी हे सगळं 2011 पासून मोफत आहे. गाडीसाठी 102, अडचणीच्या वेळी 108.

भीतीबद्दल लिहिलंस ते मला फार लागलं. कळा देणाऱ्या बाईला एकटं ठेवणं चूक आहे, आणि नियमालाही धरून नाही. प्रसूतीच्या वेळी नात्यातली एक बाई सोबत असू द्यावी, असं केंद्र सरकारनं 2016 मध्येच सरकारी दवाखान्यांना कळवलंय. ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, एवढी अट. सासूबाईंइतकी योग्य सोबतीण तुला दुसरी कोण मिळणार? 9 तारखेला जाशील तेव्हा त्यांना बरोबर ने, डॉक्टरांशी ओळख करून दे आणि ‘या माझ्याबरोबर आत असतील’ हे तेव्हाच बोलून ठेव. कुणी नाही म्हटलं तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेट.

उपकेंद्रावर नवी होते तेव्हा मी म्हाताऱ्या सुईणींचं काम जवळून पाहिलं. त्या बाईला आडवं पाडून ठेवत नसत. फिरायला लावत, आढ्याला बांधलेलं दावं धरून उभं करत, कंबर चोळत आणि सारखं बोलत राहत. आज जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते की बाईला हिंडूफिरू द्या, सोबत द्या, तिला सोसेल तशी बसू द्या. नाळ कापणं, इंजेक्शन, रक्तदाब हे नर्स बघेल. धीर द्यायचं काम सासूबाईंचं, आणि ते त्यांना कमीपणाचं वाटायला नको, एवढं माझ्या नावानं सांग.

शिकलेली बाई का येत नाही, हा तुझा प्रश्न अगदी रास्त आहे. डोंगरी भागात 3,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, सपाटीला 5,000 मागे. हा हिशेब माणसांचा झाला. त्या 3,000 माणसांचे वाडे किती, मधे चढ किती, ओढे किती, हे त्यात कुठंच धरलेलं नाही. 2018 मध्ये केंद्रानं नर्सला 18 महिन्यांचं जादा शिक्षण देऊन मिडवाइफ करायचं धोरण आणलं. साधं बाळंतपण तिनं स्वतः करायचं, अडलेलं वेळीच ओळखून पुढं पाठवायचं. अशी बाई सगळ्यात आधी तुमच्यासारख्या डोंगरी भागातल्या आरोग्य केंद्रात यायला हवी, असं माझं ठाम मत आहे. आणि तिला राहायला न गळणारं घर हवं. ते नसेल तर कुणी टिकत नाही.

राज्याच्या आदिवासी भागात आरोग्य केंद्राशेजारी ‘माहेरघर’ असतं. तारीख जवळ आलेली बाई तिथं आधीच येऊन राहते. धनगरवाड्यांनाही ते हवंच. येत्या ग्रामसभेत वाड्यावरच्या बायकांनी मिळून तीन मागण्या लेखी द्या : मिडवाइफ, तिचं घर आणि माहेरघर. सोबत जून ते सप्टेंबरमध्ये तारीख असलेल्या सगळ्या बायकांची यादी जोडा, ती आशाताईंकडे मिळेल. ठरावाची सहीशिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय उठू नका, आणि तिची एक झेरॉक्स तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे देऊन पोच घ्या.