घाटातली ती आठवण खरी की मनाने रचलेली?

“लहानपणची एक घटना मला लख्ख आठवते, पण भाऊ म्हणतो तसे काही घडलेच नाही, मग मी ती मनाने रचली असेन का?” ही शंका घेऊन अनेक जण माझ्याकडे येतात. त्यांपैकी एकीची हकिगत, ओळख पटणार नाही इतका बदल करून, येथे देत आहे.

या बाई सहा वर्षांच्या असताना ऐन पावसाळ्यात घरच्यांसह गाडीने महाबळेश्वरहून आंबेनळी घाटातून पोलादपूरला उतरत होत्या. वळणांमुळे त्यांना गाडी लागली आणि उलटी झाली. वडिलांनी रागावून आपल्याला खाली उतरवले, गाडी धुक्यात निघून गेली आणि आई आत रडत होती, असे त्यांना आठवत होते.

मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या १९९५ च्या प्रयोगाविषयी त्यांनी वाचले होते. लहानपणी दुकानात हरवल्याची खोटी गोष्ट सांगितल्यावर २४ जणांपैकी सुमारे एक चतुर्थांश जणांना ती पूर्णपणे किंवा अंशतः ‘आठवू’ लागली होती. त्यावरून बाईंनी स्वतःलाच खोटे ठरवले होते. बाकीच्या तीन चतुर्थांश जणांना ती गोष्ट आठवली नव्हती, याकडे मी त्यांचे लक्ष वेधले. प्रयोगाचा हा भाग सहसा कोणी सांगत नाही, याची मला खंत वाटते.

मी त्यांना स्वतः पाहिलेले, ऐकलेले आणि पुढे इतरांकडून कळलेले असे वेगवेगळे लिहून काढायला सांगितले. आई रडल्याचे मावशीने पुष्कळ वर्षांनी सांगितले होते, हे त्यातून त्यांच्या ध्यानात आले. ओल्या दगडी कठड्याचा गार स्पर्श आणि दूर जाणारे तांबडे दिवे मात्र त्यांचे स्वतःचे होते.

नंतर, जाब विचारण्याच्या सुरात नव्हे, तर केवळ ऐकून घेण्यासाठी, त्यांनी वडिलांना विचारले. समोरून एसटी येत होती, तिला वाट द्यावी म्हणून गाडी वीसेक पावले पुढे घेतली, असे ते म्हणाले. गाडीत बसलेल्या भावाच्या दृष्टीने ती जागची हललीच नव्हती; धुक्यात उभ्या राहिलेल्या सहा वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने ती नाहीशी झाली होती. रागावल्याचे वडिलांनी नाकारले नाही. “मागे वळून पाहिले तर तू दिसेनास, मीही घाबरलो होतो,” एवढे ते बोलले.

त्या घाटातून बाई अजून गेलेल्या नाहीत, आणि मीही तसा आग्रह धरलेला नाही.