बार्शी लाईटच्या जुन्या भरावावर जिओकॅश लपवता येईल का?

तुम्ही विचारलंय, सोलापूरजवळच्या एखाद्या ओसाड, जुन्या रेल्वेच्या ठिकाणी जिओकॅशिंगचा डबा लपवायचाय, बार्शी लाईटचा (कुर्डुवाडी-बार्शी-लातूरकडच्या छोट्या रुळांच्या रेल्वेचा) जुना मार्ग कसा राहील आणि असं कुणी केलंय का. मी केलंय आणि फसलोय, म्हणून लिहितो.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांना दोन ओळीत: कुणीतरी डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो, बाकीचे मोबाईलवर ते टाकून शोधत जातात, आतल्या वहीत नाव लिहितात आणि डबा होता तसाच ठेवतात. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगनमध्ये पहिला डबा ठेवला गेला.

मला हे वेड लागलं ते कंपनीने डेन्व्हरला पाठवलं तेव्हा. तिथून गाडीने दोनेक तासांवर, वायोमिंगमध्ये एम्स स्मारक आहे. हायवे सोडून कच्च्या रस्त्याला लागलं की माळावर एकदम साठ फूट उंच ग्रॅनाईटचा पिरॅमिड उभा दिसतो. आजूबाजूला घर नाही, झाड नाही, टपरी तर नाहीच. युनियन पॅसिफिक रेल्वे उभी करणाऱ्या ओक्स आणि ऑलिव्हर एम्स या भावांसाठी १८८० ते १८८२ मध्ये तो बांधला. जागा अशी निवडली की त्या मार्गावरचा सगळ्यात उंच बिंदू तोच, ८,२४७ फूट. चढ संपल्यावर गाड्या तिथे तपासणीला थांबायच्या, उतारू खाली उतरून स्मारक बघायचे. बाजूला शर्मन नावाचं गाव होतं. १९०१ मध्ये रेल्वेने रूळ काही मैल दक्षिणेला हलवले, मग गावही उठलं. पिरॅमिड एकटाच राहिला. ओक्सवर लाचेच्या प्रकरणात संसदेने १८७३ मध्ये ठपका ठेवला होता, तरी त्याचा चेहरा दगडात कोरलाय. दोघा भावांची नाकं मात्र नंतर कुणीतरी फोडलीत. (आपल्याकडे निदान नाव तरी कोरून गेले असते.)

डबा कुठे होता ते सांगत नाही, तसं सांगायचं नसतं. वारा इतका की टोपी दोनदा धावत जाऊन आणली, आणि त्या उंचीवर दहा पावलं पळालं तरी छाती भरते. तासभर दगड उचलून बघत होतो. एक माणूस फिरकला नाही.

तिथे उभं राहून मला कुर्डुवाडी आठवली. माझे वडील तिथल्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने अडीच फुटी गेजवर जड माल नेता येतो हे १८९७ ला याच कुर्डुवाडी-बार्शी मार्गावर दाखवून दिलं. पुढे ती लाईन १९०६ ला पंढरपूरला, १९११ ला लातूरला, १९२७ ला मिरजेला पोचली. ब्रॉडगेज करताना काही ठिकाणी मार्गच बदलला. धाराशिव शहर जुन्या लाईनला बाजूलाच राहायचं, नवी लाईन तिकडून वळवली. मग मागे उरले ते भराव, दगडी मोऱ्या (भरावाखालून पाणी जायला बांधलेल्या कमानी) आणि त्यावर माजलेली वेडी बाभूळ. शर्मनचं जे झालं तेच, फक्त पिरॅमिड नाही.

तर परत आल्यावर बार्शी-लातूर पट्ट्यातल्या एका जुन्या मोरीत मीही डबा ठेवला. डबा कसला, शेंगाचटणीची बरणी, तीनदा धुतलेली. पंधरा दिवसांनी बघायला गेलो तर झाकणावर मुंग्यांची रांग. ते एक झालं. दुसरं म्हणजे मी मोरीपाशी वाकलोय तोवर वर भरावावर एक मेंढपाळ, दोन पोरं आणि एक आजोबा जमले. "काय हरवलं का हो?" मी काही नाही म्हटलं. "मग आम्ही बी बघतो की." आणि चौघंही खरंच शोधायला लागले! वायोमिंगमध्ये माणूस नाही ही अडचण, इथे माणूस नाही अशी जागाच नाही. खाली ठेवलेली बरणी बघून आजोबांचा आवाज बदलला. स्टेशनात दिवसभर बेवारस वस्तूला हात लावू नका म्हणून सांगतात, त्यांचं काय चुकलं? त्यांना सगळं समजावलं, बरणी घेऊन घरी आलो.

माझं म्हणणं असं, की डबा रेल्वेच्या जागेत ठेवूच नका. रूळ उखडले म्हणजे जमीन मोकळी झाली असं नसतं, आणि चालू लाईनवर विनापरवाना शिरलात तर रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यापेक्षा टप्प्यांचा जिओकॅश करा, म्हणजे एका जागेवरून पुढच्या जागेचा पत्ता निघेल असा. पहिला टप्पा जुन्या मोरीपाशी: तिथे काहीच लपवायचं नाही, फक्त मोजायचं. कमानी किती, दगडांचे थर किती. ते आकडे घालून शेवटचे अक्षांश-रेखांश निघतील असं गणित मांडा आणि खरा डबा ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर, त्याला विचारून ठेवा. त्याला माहीत असलं की तोच राखण करतो, वर येणाऱ्याला पाणीही विचारतो. पुरायचा नाही, दुसऱ्या डब्यापासून १६१ मीटर लांब हवा, आणि मधूनमधून जाऊन बघावं लागतं, म्हणून एकदा फिरायला गेलेल्या गावी ठेवू नका. वही प्लास्टिकच्या पिशवीत घाला.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. एप्रिलपासून त्या भरावावर सावली शोधावी लागते, डबा नाही. आणि बरणी काहीही घ्या, चटणीची नको.