पिशवी लावून पोहता येतं का?

प्रश्न: मी ४६ वर्षांची, कोथरूडला राहते. पाच महिन्यांपूर्वी ऑपरेशन होऊन पोटावर स्टोमा केलाय, म्हणजे शौच बाहेर पडायला पोटावर छिद्र आणि त्यावर चिकटवलेली पिशवी. आधी रोज टिळक तलावावर पोहायचे, आता पिशवी पाण्यात सुटली तर काय, या भीतीने जातच नाही.

उत्तर: ताई, पोहता येतं, नक्की येतं! सर्जनला एकदा विचारा, जखम पूर्ण भरली असेल तर बहुतेक जण हो म्हणतात. क्लोरीनच्या पाण्याने स्टोमाला काही होत नाही, आणि पिशवी वॉटरप्रूफच असते. फक्त पोहायच्या जस्ट आधी नवीन बदलू नका, चिकटायला काही तास लागतात, त्यामुळे आदल्या रात्री बदललेली बरी. जाताना पिशवी रिकामी करा, तासभर आधी पोटभर खाऊ नका आणि पिशवीला गॅसचा फिल्टर असेल तर त्यावर सोबत मिळणारा स्टिकर लावा, कारण फिल्टर भिजला की काम करत नाही, बाहेर आल्यावर स्टिकर काढायचा मात्र लक्षात ठेवा. भीती जात नसेल तर आधी घरीच पिशवी लावून अर्धा तास शॉवरखाली उभ्या राहा, कडा सुटतात का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मला वाटतं निम्मी धाकधूक तिथेच जाईल. गडद रंगाचा, डिझाइनचा स्विमसूट घेतला की पिशवी दिसतही नाही. बॅगेत एक जादा सेट असू द्या.