सैन्यातून मुदतीआधी काढलेल्या भावाचा डिस्चार्ज बदलून घेता येतो का?

तुम्ही विचारलंय: धाकट्या भावाला अकरा वर्षांच्या नोकरीनंतर चार रेड इंक एन्ट्री (म्हणजे नोकरीच्या कागदावर लाल शाईत नोंदलेल्या शिक्षा) झाल्या म्हणून घरी पाठवलं, डिस्चार्ज बुकात ‘सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड’, म्हणजे नोकरीची आता गरज नाही, असं लिहून दिलंय, अमेरिकेत डिस्चार्ज ‘अपग्रेड’ करून मिळतो असं वाचलं, आपल्याकडे होतं का, खर्च किती येतो. आणि शेवटी लिहिलंय, ‘घरचे म्हणतात सोडून दे.’

त्या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसलो. मलाही घरच्यांनी हेच सांगितलं होतं आणि मी त्यांचं सहा वर्षं ऐकलं.

आधी तुमचं उत्तर. अमेरिकेत त्यासाठी डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्ड नावाचं वेगळं मंडळ आहे. सुटल्यापासून १५ वर्षांच्या आत अर्ज केला तर ते सुटकेचा दर्जा वाढवून देऊ शकतं. आपल्याकडे असं मंडळ नाही. आपल्याकडे डिस्चार्जचा आदेशच रद्द करून घ्यावा लागतो आणि ते काम सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं, सगळे त्याला एएफटी म्हणतात. २००७ च्या कायद्यानं ते आलं, २००९ पासून चालू आहे, मुंबईत त्याचं खंडपीठ आहे. होतं का म्हणाल, तर होतं. माझं झालंय.

मी खटाव तालुक्यातला. आमच्याकडे दुष्काळ आणि फौज या दोन गोष्टी घरटी आहेत. फेब्रुवारी २००१ ला भरती झालो, जून २०१० ला नाव कटून घरी आलो. नऊ वर्षं चार महिने. पलटण कुठली ते लिहीत नाही, कारण पलटणीवर माझा आजही जीव आहे आणि चूक एकट्या पलटणीची नव्हती.

माझ्याही चारच एन्ट्री. पहिली २००४ ची. वडील गेले, तेराव्यानंतर आईला एकटं टाकून निघवेना, नऊ दिवस उशिरा पोचलो. दुसरी २००६ ची. आईचं पोटाचं ऑपरेशन, सतरा दिवस उशीर. तिसरी माझी स्वतःची चूक, एका नायकाच्या अंगावर हात टाकला. ती मी आजही कबूल करतो, शिक्षा योग्यच होती. चौथी २००९ ची. मुलगी सातव्या महिन्यात झाली, काचेच्या पेटीत होती, डॉक्टर उद्या-परवा म्हणत होते. अकरा दिवस उशीर. प्रत्येक वेळी पेशी झाली, म्हणजे साहेबांपुढे उभं केलं, पलटणीच्या सीओ साहेबांनी विचारलं ‘गलती मानते हो?’, मी ‘जी साहब’ म्हटलं, क्वार्टर गार्डमध्ये, म्हणजे पलटणीच्या कोठडीत गेलो. पेशी दोन मिनिटांत संपते. तिथं कुणी काचेच्या पेटीबद्दल विचारत नाही आणि आपल्यालाही सांगायचं सुचत नाही.

या नऊ वर्षांत मी एक टर्म सियाचीन ग्लेशियरवर काढली आणि अडीच वर्षं काश्मीरमध्ये. हे पुढे उपयोगी पडलं म्हणून लिहितोय.

२०१० च्या एप्रिलमध्ये ब्रिगेडकडून शो कॉज नोटीस आली. इंग्रजीत, दीड पान. मला त्यातलं निम्मं कळलं. ऑफिसातल्या क्लार्कनं समोर बसवलं, कोरा कागद दिला आणि म्हणाला, लिख. मी लिहिलं: ‘मैं अपनी गलती मानता हूँ. आगे से ऐसा नहीं होगा. मुझे एक मौका दिया जाए.’ खाली नंबर, हुद्दा, नाव, सही. तीन वाक्यं. त्या क्लार्कच्या मनात काही वाईट नव्हतं, माफी मागितली की साहेब सोडतात असं त्याला खरंच वाटत होतं. पण त्या कागदावर आई नाही, मुलगी नाही, ग्लेशियर नाही. दोन महिन्यांनी लष्कराच्या नियमांतल्या नियम १३(३), कलम तीन (पाच) खाली डिस्चार्ज झाला. ग्रॅच्युइटीचा चेक आणि ते बुक घेऊन सातारा स्टँडवर उतरलो, तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. गावची पहिली गाडी सकाळी होती. त्या रात्री मला ते बरंच वाटलं.

माझे चुलते सुभेदार म्हणून पेन्शन आलेले. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. वडिलांच्या मागे घरात त्यांचाच शब्द चालायचा. मी पाया पडलो तर त्यांनी डिस्चार्ज बुक मागितलं, चष्मा लावला, ते पान उघडलं आणि मिटून परत दिलं. ‘चार लाल एन्ट्री म्हणजे चार लाल एन्ट्री. फौज कुणावर अन्याय करत नाही. कोर्टात गेलास तर घराण्याची अब्रू चव्हाट्यावर येईल.’ त्यांच्यासमोर बसायचीसुद्धा आमची रीत नाही, उलट बोलणं तर लांबच. मी गप्प बसलो.

गप्प बसण्याची किंमत सांगतो. पुण्याकडे एका सिक्युरिटी एजन्सीत कामाला लागलो. तिथं दोन दर होते, माजी सैनिकाचा वेगळा, सिव्हिल गार्डचा वेगळा. सुपरवायझरनं बुक चाळलं, शेऱ्यावर बोट ठेवलं आणि मला सिव्हिलच्या यादीत टाकलं. माझ्या शेजारी गेटवर उभा असलेला माणूस कधी जम्मूच्या पुढे गेला नव्हता, त्याला माझ्यापेक्षा दोन हजार जास्त. त्याचा राग नाही, तो पंधरा वर्षं पूर्ण करून आला होता. पण कॅन्टीन कार्ड नाही, माजी सैनिकांच्या दवाखान्याचं, ईसीएचएसचं कार्ड नाही, मुलीला सवलत नाही, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माझ्या नावाची नोंदच होत नाही, आणि पंधरा ऑगस्टला गावात माजी सैनिकांना स्टेजवर बोलावतात तेव्हा मी मंडपाच्या मागे खुर्च्या लावत होतो. सहा वर्षं.

२०१६ मध्ये वडूजच्या एसटीत एक रिटायर्ड हवालदार भेटले. बोलता बोलता माझी गोष्ट निघाली. ते म्हणाले, अरे, गेल्या वर्षीच सुप्रीम कोर्टाचा निकाल आलाय, वीरेंद्र कुमार दुबे, शोध. मी शोधला. १६ ऑक्टोबर २०१५ चा निकाल आहे. मुलीच्या इंग्रजीच्या बाई संध्याकाळी थांबून मला तो वाचून दाखवायच्या, चार दिवस लागले.

त्यात जे लिहिलंय ते तुमच्या भावानं पाठ करावं. लष्कर मुख्यालयाचंच २८ डिसेंबर १९८८ चं एक पत्र आहे. चार रेड इंक एन्ट्री झाल्या की काढलंच पाहिजे असं कुठंही बंधन नाही, असं त्यात म्हटलंय. प्रत्येक एन्ट्री कशाबद्दल पडली ते बघा, पेन्शनजवळ आलेल्या माणसाशी कठोर वागू नका, किती वर्षं नोकरी झाली आणि कसल्या कठीण ठिकाणी राहिला ते लक्षात घ्या, आणि शिफारस करण्याआधी प्राथमिक चौकशी करा. दुबेंच्या बाबतीत ती चौकशीच झाली नव्हती. कोर्टानं डिस्चार्ज रद्द केला आणि पेन्शनला लागणारी सेवा पूर्ण होईपर्यंत ते नोकरीतच होते असं धरायला सांगितलं. मधल्या काळाचा पगार दिला नाही.

मी तात्यांकडे गेलो. पत्राची तारीख सांगितली. ते म्हणाले, ‘कोर्टाला फौज काय कळते?’ मी पहिल्यांदा उलट बोललो. म्हटलं, तात्या, हे कोर्टानं नाही लिहिलं, फौजेनंच लिहिलंय, तुम्ही नोकरीत होता तेव्हाच. ते उठून गोठ्याकडे गेले.

पुढचं थोडक्यात. माहिती अधिकारात दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून शीट रोल (म्हणजे माझ्या नोकरीची नोंद), चारही शिक्षांचे कागद, शो कॉज नोटीस, माझं उत्तर आणि प्राथमिक चौकशीची प्रत मागितली. सगळं आलं, फक्त शेवटचं आलं नाही. ‘उपलब्ध नाही.’ वकिलांनी ती ओळ वाचली आणि केस घेतली. आधी लष्करप्रमुखांच्या नावे अर्ज केला, कारण खात्यातला मार्ग वापरल्याशिवाय न्यायाधिकरण सहसा ऐकत नाही. २०१७ मध्ये मुंबईत दावा, सोबत उशीर माफ करण्याचा अर्ज. शेवटच्या आदेशापासून मुदत सहा महिन्यांची असते आणि मला सहा वर्षं झाली होती. आईच्या उपचारांचे कागद, मुलीच्या पेटीचं बिल, एजन्सीची पगारपत्रकं जोडली, उशीर माफ झाला. २०१८ मध्ये निकाल: डिस्चार्ज रद्द, फेब्रुवारी २०१६ पर्यंत सेवेत धरावं, तिथून पेन्शन, मागचा पगार नाही. वकिलांनी दोन हप्त्यांत पस्तीस हजार घेतले. माझ्यासारख्याला तेव्हा ते फार होते, बायकोनं पाटल्या मोडल्या. तुमच्या जिल्ह्यात काय घेतील ते मी कसं सांगू, पण ‘पेन्शन मिळाल्यावर टक्केवारी द्या’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश आला तेव्हा तात्यांना नेऊन दाखवला. त्यांनी पुन्हा चष्मा लावला, दोन्ही पानं वाचली आणि म्हणाले, ‘तांत्रिक मुद्द्यावर सुटलास.’

ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही. त्यांना तोंडावर सांगता आलं नाही ते इथे लिहितो. चौकशी हा तांत्रिक मुद्दा नसतो. चौकशी म्हणजे कुणीतरी समोर बसवून विचारणं, ‘बाबा, तू दर वेळी उशिरा का आलास?’ नऊ वर्षांत मला हे एकदाही कुणी विचारलं नाही. पलटणीत नाही, ब्रिगेडमध्ये नाही आणि तात्या, तुमच्या सोप्यावरही नाही. तुम्ही स्वतः कंपनीतल्या पोरांच्या घरी पत्रं लिहायचात, त्यांच्या आयांची चौकशी करायचात, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. माझ्या वेळी तेवढंच करायला हवं होतं. फौजेवर माझा विश्वास तुमच्याइतकाच आहे, म्हणून तर तिनंच लिहिलेलं पत्र तिनं पाळावं असं मी म्हणतो.

असो. तुमच्याकडे येतो. तुमच्या घरचे ‘सोडून दे’ म्हणतात ते लाजेपोटी, आणि लाजेला सहा महिन्यांची मुदत कळत नाही. भावाला सुटून किती दिवस झाले ते तुम्ही लिहिलं नाही. सहा महिन्यांच्या आत असेल तर उद्याच अर्ज टाका. उलटून गेले असतील तरी दार बंद नाही, पण उशिराचं प्रत्येक कारण कागदावर दाखवावं लागेल. आणि फार वर्षं थांबू नका, पेन्शन नसलेल्यांची कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करतात. न्यायाधिकरणानं नाकारलं तर उच्च न्यायालयात जाता येतं, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते स्पष्ट केलंय.

हे आधी लिहायला हवं होतं, ते आता लिहितो. भावाला कोर्ट मार्शल करून बडतर्फ केलं असेल तर माझी गोष्ट लागू नाही, तो वेगळा रस्ता आहे. आजारपणामुळे काढलं असेल तर तोही वेगळा आणि बऱ्याचदा सोपा. २०१३ च्या धरमवीर सिंग निकालानुसार भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीमुळे झाला असं धरतात आणि तसं नाही हे सिद्ध करणं सरकारवर असतं. ट्रेनिंगमध्येच असलेल्या रिक्रूटचंही वेगळं. आणि दुबे निकाल म्हणजे हमखास चावी नाही. माझ्या निकालानंतर, २०१९ मध्ये, सतगुर सिंग नावाच्या जवानाचा वारंवार गैरहजेरीवरून झालेला डिस्चार्ज सुप्रीम कोर्टानं कायम ठेवला. म्हणून एन्ट्री कशाकशाच्या आहेत यावर सगळं आहे. परत वर्दी मिळेल ही आशा धरू नका, मिळाली तर पेन्शन आणि कागदावरचं नाव मिळेल.

आज रात्री एक करा. भावाला एकट्याला बसवा आणि चारही एन्ट्रींच्या वेळी घरात काय चाललं होतं ते तारखेसह विचारा, मध्ये बोलू नका, वहीत लिहून घ्या. शो कॉजला त्यानं काय उत्तर दिलं होतं तेही विचारा. त्यात ‘एक मौका दिया जाए’ असेल तर मला मेसेज करा, माझ्या माहिती अधिकार अर्जाची प्रत पाठवतो.