रेकी करत शिवलेली गोधडी 'हीलिंग गोधडी' म्हणून विकावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रेकीची (हातांनी ऊर्जा देऊन बरं करता येतं असं मानणाऱ्या जपानी पद्धतीची) दुसरी पातळी झाली आहे, जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवता येतात आणि तुम्हाला रेकी शिकवणाऱ्या बाईंनी सुचवलंय की थरांच्या मध्ये रेकीची चिन्हं काढायची, शिवताना ऊर्जा द्यायची आणि 'हीलिंग गोधडी' म्हणून दुप्पट भावाला विकायची. हे करावं का?

शिवा की. शिवताना रेकीही करा. पण 'दुखणं बरं होतं' म्हणून विकू नका. मी सातारा जिल्ह्यात गेली अकरा वर्षं ऑर्डरी घेऊन गोधड्या शिवते आणि हा घोळ मी स्वतः घालून बसले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या आईला रेकी हा शब्दही ठाऊक नव्हता. उन्हाळ्यात ती ओसरीवर लुगडं अंथरायची आणि कापड सरकू नये म्हणून चार कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, हाताला येईल ते वजन ठेवायची. आत धोतराचे तुकडे, विटके परकर, आमचे लहानपणीचे फ्रॉक. मग कडेपासून धावदोरा घालत चारी बाजूंनी आत आत यायचं. सुईवर चार-पाच टाके भरायचे, सुई ओढायची आणि ओढताना 'रामकृष्णहरी'. मोजायला माळ लागत नसे, टाकेच माळ. काकूशी वाजलं की आई हमखास गोधडी काढून बसायची. तिची एक गोधडी माझ्याकडे आहे, तिच्यात ते भांडण आजही दिसतं. तीन ओळी लांब लांब टाक्यांच्या, दोरा इतका ओढलेला की कापडाला चुण्या पडल्यात. चौथ्या ओळीपासून टाका बारीक होत जातो आणि सहावीला पुन्हा तांदळाएवढा, एकसारखा. कोण बरं झालं म्हणाल तर आई झाली. पांघरणाऱ्याला ऊब मिळाली, तीही काही कमी नाही.

हात चालू आणि मुखात नाम, ही आपल्याकडची जुनीच रीत. नामदेव महाराज शिंप्याच्या घरचे. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची पदं आहेत, त्यातल्या आसा रागातल्या एका पदात मनाचा कापड मोजायचा गज होतो, जिभेची कात्री होते, सुई सोन्याची आणि दोरा रुप्याचा. तुमच्या रेकीतही ही वाट आहेच. मिकाओ उसुई यांनी 1922 साली जपानात ही पद्धत सुरू केली. त्यांचे पाच नेम तुम्ही रोज म्हणत असाल: आजच्या दिवसापुरतं रागावू नको, काळजी करू नको, कृतज्ञ राहा, आपलं काम नेटानं कर, सगळ्यांशी दयेनं वाग. यातला कामाचा नेम सहसा घाईघाईत म्हटला जातो. गोधडी शिवणाऱ्या बाईला खरं तर तोच पुरेल.

आता माझा घोळ सांगते. तीनेक वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात स्टॉल लावला होता. शेजारी क्रिस्टलवाले, समोर अरोमावाले, मग मलाही वाटलं आपल्यालाही काहीतरी पाटी हवी. लिहिलं, 'नामजपाची गोधडी : शांत झोप, सांधेदुखी व तणावावर गुणकारी'. तीन तासांत चार गोधड्या गेल्या, एरवी चार महिन्यांत जात नाहीत. दोन महिन्यांनी त्यातल्या एका आजींचा फोन आला. आवाजात नुसतं कौतुक. म्हणाल्या, "अगं, तुझ्या गोधडीनं इतकी छान झोप लागते, मी बीपीची गोळी बंदच केली." माझ्या पोटात गोळाच आला. त्यांच्या सुनेचा नंबर मागून घेतला, तिला सगळं सांगितलं, दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना डॉक्टरकडे नेलं. बीपी बरंच चढलेलं निघालं. पुढं काही विपरीत झालं नाही, पण ती माझी पुण्याई नव्हे. त्या बाईंनी मी लिहिलेल्यावर विश्वास ठेवला, एवढंच त्यांचं चुकलं.

पुराव्याचं म्हणाल तर चिंता आणि नैराश्यावर रेकीचा उपयोग होतो की नाही, हे सांगण्याइतका पुरावा कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या 2015 सालच्या आढाव्याला सापडला नाही. तुम्हाला स्वतःला बरं वाटत असेल तर ते खरंच आहे, त्यावर मी वाद घालणार नाही. पण स्वतःला बरं वाटणं वेगळं आणि दुसऱ्याच्या दुखण्यावर किंमत लावणं वेगळं. कायद्याचंही बघून ठेवा. औषध आणि जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा 1954 चा कायदा आहे, त्यात ताईत, मंत्र, कवच, कुठल्याही प्रकारचा तोडगा असं सगळं येतं. अमुक आजार बरा होतो अशी चिठ्ठी लावलेली गोधडी त्यात बसणार नाही असं धरून चालू नका.

मग करायचं काय? अमेरिकेतली एक गोष्ट मला पटते. 1998 साली कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्डमध्ये दोन मैत्रिणींनी प्रार्थना म्हणत शाली विणायला सुरुवात केली. आजारी माणसाला, कुणाचं माणूस गेलं असेल तर त्याला, बाळंतिणीला ती शाल द्यायची, भेट म्हणून. प्रार्थना विणणारीची, शाल घेणाऱ्याची, मध्ये पैसा नाही. मी आता तसंच करते. वर्षाला दोन गोधड्या मनापासून जप करत शिवते आणि देऊन टाकते. गेल्या वर्षीची एक केमो चालू असलेल्या शेजारीणबाईंना दिली. त्यांनी विचारलं, यात काही मंत्र वगैरे आहे का गं? म्हटलं, तुमचं नाव घेत शिवलीय, गोळ्या वेळेवर घ्या. बाकीच्या गोधड्या गोधडी म्हणून विकते: पाच बाय सात फूट, हातशिलाई, आत सुती साड्या, महिनाभराचं काम. भाव त्या महिन्याचा लावते, नामाचा नाही. तुम्हीही मजुरी नीट लावून बघा. दुप्पट भाव तर नुसत्या कष्टाचाच होतो, त्याला ऊर्जेची फोडणी लागत नाही.

चिन्हं आत काढायची असतील तर काढा, ती तुमची श्रद्धा. फक्त पांढऱ्या खडूनं काढा, पेननं नको, शाई वरच्या थरावर उतरते. आणि जुनी लाल-जांभळी साडी आत घालण्याआधी मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवून रंग सुटतो का बघा. माझ्या पहिल्या ऑर्डरीची पांढरी किनार अशीच गुलाबी झाली होती.