लीज लाइनवर 'नो डायलटोन'

प्रश्न : दोनतारी लीज लाइनच्या (दोन ठिकाणांमध्ये कायमची भाड्याने घेतलेली लाइन) दोन्ही टोकांना डायल-अप मोडेम लावले आहेत. नंबर फिरवायला गेलं की 'नो डायलटोन' येतं. काय चुकतंय?

उत्तर : चूक लाइनची नाही. मध्ये एक्स्चेंजचं स्विचिंगच नसल्यामुळे तिथे डायलटोन येणारच नाही. आधी मोडेमला लीज लाइनची सोय आहे का, ते मॅन्युअलमध्ये पाहा. साध्या घरगुती मोडेमला बहुधा नसते. असेल, तर लीज लाइनवर जायला अनेक मोडेममध्ये आज्ञा म्हणून एटी&एल१ चालतं (&एल० म्हणजे परत डायल-अप). मग एका टोकाला नंबर न देता नुसतं एटीडी (हाक देणं), दुसऱ्याला एटीए (हाकेला उत्तर देणं). दोन्हीकडे एटीए दिलं, तर दोघंही समोरच्याची वाट पाहत बसतात.

जोडणी लागलेली नसतानाच पलीकडे कचरा येतोय? पलीकडच्या संगणकाची 'लॉगिन' ही विचारणा त्याचाच मोडेम आज्ञा समजून परत पाठवतो, संगणक त्यालाच उत्तर देतो आणि हे चक्र थांबत नाही. त्या टोकाच्या मोडेमला ई०क्यू१ द्या आणि &डब्ल्यूने साठवा. यानंतर 'ओके' दिसणार नाही, टाइप केलेलंही दिसणार नाही. मोडेम बिघडला समजून पुन्हा रीसेट करू नका! पोर्ट बंद होताच लाइन तुटत असेल, तर &डी० द्या; मग पोर्ट बंद झाल्याचा इशारा मोडेम मानत नाही.