उन्हाळ्यात सोसायटीतल्या लोकांना घरात पाणी जपून वापरायला कसं लावायचं? नोटिसा लावून झाल्या. जास्त वापरणाऱ्यांची यादी बोर्डावर लावावी का?

यादी लावू नका. बाकी काय वाटेल ते करा.

प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. अशा एका यादीत सगळ्यात वर आमचं आडनाव होतं, लाल पेनाने दोनदा अधोरेखित केलेलं.

त्या वर्षी पावसाने दगा दिला होता आणि उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढायची वेळ आली होती. प्रत्येक फ्लॅटला मीटर होतेच. सेक्रेटरींनी (मी त्यांना काका म्हणायचो, म्हणून तर जास्त झोंबलं) सगळ्यांचं रीडिंग घेतलं आणि उतरत्या क्रमाने लिफ्टशेजारी चिकटवलं. फ्लॅट नंबर, आडनाव, लिटर. घरात माणसं किती, हा रकानाच नाही! आम्ही सात जण, त्यात वडील अंथरुणाला खिळलेले. अशा माणसाच्या चादरी दिवसातून किती वेळा बदलाव्या लागतात, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. मीटरला ते कळणार नाही, पण काकांना कळायला हवं होतं. येऊन-जाऊन असायचे आमच्याकडे.

आईने काय करावं? चादरी गॅलरीत वाळत घालणंच बंद केलं. आतल्या खोलीत दोरी बांधून पंख्याखाली टाकायला लागली, येता-जाता कोणी मोजू नये म्हणून. त्या यादीने आमच्या घरात थेंबभर पाणी वाचलं नाही. चोरून वापरल्यासारखं मात्र वाटायला लागलं.

मग मी तीच यादी घेतली आणि प्रत्येक आकड्याला घरातल्या माणसांनी भागलं. आम्ही घसरून मधोमध आलो. सगळ्यात वर आलं एक दोघांचं घर, नवरा-बायको दोघंही दिवसभर कामावर. त्यांच्याकडे गेलो, त्यांना विचारून फ्लशच्या टाकीत कपड्यांची थोडी नीळ ओतली आणि फ्लश न करता वीसेक मिनिटं गप्पा मारत बसलो. आत जाऊन पाहिलं तर भांड्याच्या मागच्या अंगाने निळा ओघळ उतरलेला. टाकीतला वॉशर कडक होऊन वाकला होता. ना आवाज, ना थेंब दिसत होता. असं मिनिटाला पेलाभर, म्हणजे 200 मिली, गेलं तरी दिवसाला 288 लिटर होतात. ती माणसं बिचारी बादलीत मोजून आंघोळ करत होती.

म्हणून माझं म्हणणं, उपदेशाआधी प्लंबर. एक रविवार ठरवा आणि घरोघरी ही निळीची चाचणी करा. रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर, नळ उघडायच्या आत, मीटर बघायला सांगा. आकडा हलला असेल तर कुठेतरी गळतंय. गच्चीवरच्या टाकीचा बॉल कॉक (टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता गोळा) स्वतः वर चढून बघा, वॉचमनच्या "ठीक आहे साहेब"वर जाऊ नका. सेकंदाला एक थेंब टपकणारा नळ दिवसाला वीसेक लिटर घालवतो. जुनी फ्लशची टाकी एका दमात दहा लिटर किंवा जास्तच ओतते. त्यात पाणी भरलेली लिटरची बाटली ठेवा (वीट नको, झिजून कचरा होतो). नळांच्या तोंडाला एअरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारी जाळी, लावा. आर.ओ.चं वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशी पुसायला, हे तुम्हाला मी सांगायला नकोच.

आणि पाणी दिवसातून दोनदाच सोडायचं, ही आयडिया कोणी काढेल. काढू देऊ नका. लोक घरातलं भांडं न् भांडं भरून ठेवतात आणि पुढच्या वेळी "शिळं" म्हणून ओतून पुन्हा भरतात. शिवाय कोणाचा तरी नळ उघडा राहतोच.

आकडे दाखवायचेच असतील तर माणशी काढा आणि ज्याचे त्याच्या हातात द्या. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनमध्ये 2018 साली पाणी संपायला आलं होतं, फेब्रुवारीपासून माणशी दिवसाला 50 लिटरची मर्यादा होती. शहराने घरांचा नकाशा जाहीर केला, पण त्यावर हिरवे ठिपके होते ते पाणी जपणाऱ्या घरांवर. उधळणाऱ्यांच्या घरावर लाल ठिपका नव्हता. काकांना हे मी मीटिंगमध्ये सांगितलं. ते म्हणाले, "ते शहर आहे, ही सोसायटी आहे." यावर काय बोलणार?

नुसती सरासरीही लावू नका. कॅलिफोर्नियात सॅन मार्कोसला विजेच्या वापरावर प्रयोग झाला होता, 2007 साली छापून आला. शेजाऱ्यांची सरासरी कळल्यावर जास्त वापरणाऱ्यांनी हात आखडला, पण कमी वापरणारे सैल झाले! त्यांच्या आकड्याशेजारी एक हसरा चेहरा काढला तेव्हा ते जागेवर राहिले. चेहरा काढायला काही खर्च येत नाही.

आता हेही सांगतो, मीटरच्या विरोधात मी नाही. रीडिंग नसतं तर मी भागाकार कशाचा केला असता? ज्यांच्याकडे फ्लॅटवार मीटर नाहीत त्यांना यातलं निम्मं लागू पडणार नाही, त्यांनी गळतीपासूनच सुरुवात करावी. आणि गाड्या पाइपने धुणारे दोन-तीन महाभाग सगळीकडे असतात, त्यांना निळीने फरक पडत नाही. त्यांच्याशी दार लावून, समोरासमोर बोलावं लागतं.

काका अजूनही म्हणतात, "माझ्या यादीमुळेच तो फ्लश सापडला." फ्लश भागाकाराने सापडला, काका. यादीत ते घर खालून तिसरं होतं.